आरशातली निळी गाडी

जिल्बेर्तची खानावळ, फाटकाच्या अलीकडे
शनिवार, दुपारचे दोन

माझ्या प्रिय, आणि खरं लिहायचं तर कित्येकदा नकोशा झालेल्या गिलेन,

रस्ता बंद आहे. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण ते वाचून तुम्ही सगळे एकमेकांकडे कसे बघाल ते मला इथे बसून दिसतंय. पण आज तो खरंच बंद आहे. माझ्या टेबलापासून वादळात रस्ता अडवणारं ते फाटक वीस पावलांवर आहे. त्याचा लाल-पांढरा दांडा मधूनच दिसतो, मधूनच बर्फाच्या भुकटीत नाहीसा होतो. अंगणात तीन मालट्रक अडकलेत, आणि माझ्या निळ्या गाडीचा आता नुसता उंचवटा उरलाय. फोनची तार सकाळीच कुठेतरी तुटली. मोबाईल तर इथे कधीच चालत नाही. तुमचं आंस-ब्लांश इथून सव्वाशे किलोमीटर, आणि उद्या दोन वाजता माझ्या एतियेनच्या दुसऱ्या मुलीचा, आदेलचा, बाप्तिस्मा. या वेळी धर्ममाता मी. दोन वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघितली आणि आता एका दांड्यामागे बसून वाटाण्याचं सूप पिते आहे.

परवा सकाळी घरून निघाले. अडुसष्टाव्या वर्षी एकटीने भर फेब्रुवारीत एवढ्या लांब गाडी नेणं शहाणपणाचं नाही, असं शेजारच्या मादाम तुरकॉतने मला दोनदा सांगितलं आणि मग वाटेत लागेल म्हणून खिमा भरलेला अर्धा मीट-पाय बांधून दिला. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, मेणबत्त्या, घोंगडी. शेजारच्या सीटवर बाप्तिस्म्याच्या झग्याची पेटी, पट्टा लावून बसवलेली. सागने नदीच्या मुखाशी फेरीबोटीवर तिकीट बघणाऱ्याने खिडकीतून डोकावून विचारलं, "पेटीत कोण, नवरा?" मी म्हटलं, "नाही बाबा, त्याच्यापेक्षा टिकाऊ वस्तू आहे." तो हसत गेला. पाण्यावर बर्फाची ताटं एकमेकांवर आपटत होती आणि बोट त्यातून कुरकुरत चालली होती. मला तुझ्या लग्नाची आठवण झाली. तेव्हाही मी याच रस्त्याने, याच बोटीने आले होते, बसमधून, मांडीवर केकचा डबा घेऊन. तेव्हाही मला तुझा हेवाच वाटला होता. रोझेरसाठी नाही. देव त्याला शांती देवो, पण त्याच्या लग्नाच्या कोटालासुद्धा माशांचा वास येत होता. हेवा वाटला तो अख्खं गाव तुला उतरवून घ्यायला बस थांबते तिथे आलं होतं याचा. माझं रेआलशी लग्न लागलं तेव्हा त्याचा भाऊ उशिरा आला आणि जेवण होताच निघून गेला.

बोटीपलीकडचा रस्ता तुला काय सांगायचा. उजवीकडे नदी, डावीकडे काळी झाडं, आणि प्रत्येक उतारावर ब्रेकला पाय लावू नकोस म्हणून स्वतःला बजावणारी मी. एतियेनने शिकवलंय तसं. त्यानेही ते माझ्याकडून नाही, तुझ्या रोझेरकडून शिकलेलं.

झग्याचं मात्र मला सांगायचंय. मदर सेंत-ओदिलचा शिवणाचा वर्ग तुला आठवतो का, वरच्या मजल्यावरचा, जिथे शेगडी होती पण ती फक्त मदरच्या पायांपुरती पेटायची? आपण सोळा वर्षांच्या होतो. दोघींना मिळून एक बाप्तिस्म्याचा झगा शिवायला दिला होता. छातीवरची वेलबुट्टी तू काढलीस, खालची किनार मी दुमडली. मदरने भिंग लावून बघितलं आणि म्हणाली, "गिलेन, हे हात तुझे नाहीत, देवदूताचे आहेत." मग झगा उलटा करून बघितला. "मारिएल, किनार सरळ आहे." बावन्न वर्षं झाली. किनार सरळ आहे. कधी भांडी घासताना, कधी मिस्साला गुडघे टेकल्यावर मला ते वाक्य ऐकू येतं. पुढे आपलं ठरलं की जिला आधी मूल होईल तिने झगा न्यायचा. तो मी नेला. एतियेनच्या बाप्तिस्म्याला बायका त्या बुट्टीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मारिएल, हे तू काढलंस?" आणि मी म्हटलं, "काढलं आपलं, जमलं तसं." तू तिथेच उभी होतीस, एतियेनची धर्ममाता म्हणून, त्याला हातावर घेऊन. तू काही बोलली नाहीस, नुसती त्याच्या टोपीची नाडी सैल केलीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या त्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटला, कारण मला ते कधी जमलं नाही.

मग तो सोळावा हिवाळा, एतियेनचा. रेआल घर सोडून गेला होता आणि मी सकाळी उठून मोजे घालायचेसुद्धा विसरत होते. मी तुला फोन केला आणि तू एवढंच विचारलंस, "त्याच्या बुटांचा नंबर काय?" तीन महिन्यांसाठी तुझ्याकडे पाठवलं होतं मी त्याला. जूनमध्ये परत आला तेव्हा आवाज फुटलेला, खांदे रुंद, आणि बोलणं तुमच्या किनाऱ्यावरचं, शब्दांची शेवटं गिळणारं. आणि तोंडात सतत मारेन, त्याची धर्ममाता, म्हणजे तू. "मारेन म्हणते, सूपमध्ये आधी खारवलेला पाला घालायचा." "मारेन म्हणते, ओला मोजा शेगडीवर नाही, शेगडीजवळ वाळवायचा." घरात दिवसभर मारेन म्हणते, मारेन म्हणते. सप्टेंबरमध्ये तो परत तुझ्याकडे गेला आणि मी त्याला बसवर सोडायला गेले, हसत, कारण मुलाला निरोप देताना रडू नये असं आपल्याला शिकवलं होतं. तिथेच तो मोठा झाला, रस्त्यावरचा बर्फ काढायचा नांगर चालवायला लागला, मेलानीशी लग्न केलं. दर रविवारी मला फोन करतो. अकरा वाजता. पण मला माहीत आहे की साडेदहाला तो तुझ्या स्वयंपाकघरात असतो, कारण फोनवर बोलताना त्याच्या तोंडात तुझ्या हातची दुधाची बर्फी असते. मी ती चावण्याचा आवाज ओळखते.

आणि दोन वर्षांपूर्वी त्याचा तो फोन. "मामां, मुलगी झालीय. रोज. धर्ममाता मारेन होणार, ते तर ठरलेलंच. पण जुन्या पद्धतीने करू या म्हणतोय. तू पोर्तूझ हो." आपल्या घरांतून पहिल्या मुलाच्या पहिल्या लेकराचे धर्ममातापिता बापाकडचे आजी-आजोबा होतात. माझ्या आजीपासून चालत आलेलं आहे हे. आणि मला काय मिळालं, तर पोर्तूझचं, बाळ चर्चमध्ये उचलून न्यायचं काम. फादर प्रश्न विचारणार, उत्तरं तू देणार, आणि मी बाळाखाली टेबलासारखी उभी. मी एतियेनला म्हटलं, "तुझी धर्ममाता ती, तुझ्या मुलीची धर्ममाता ती. गिलेन काय आता घाऊक धर्ममाता झाली?" तो हसला नाही. म्हणाला, "मामां, तुझ्याकडे आजीपण आहे. कुणी देवो न देवो, आहेच. तिच्याकडे काय आहे?" गिलेन, मला तेव्हा तुझी कीव यायला हवी होती. मला राग आला. रजिस्टरमध्ये धर्ममातेचं नाव मुलीच्या नावात जातं हे मला त्या क्षणी आठवलं. मारी गिलेन रोज. आयुष्यभर ती कुठल्याही कागदावर सही करेल तेव्हा मधोमध तू.

पुढची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. शनिवारी वादळ झालं, मी वाटेतल्या बे-कोमोमध्ये अडकले. रविवारी सकाळी नऊला इथे फाटकापाशी पोचले, फाटक बंद. दहाला उघडलं, पण पुन्हा वारा सुटला म्हणून लगेच पाडलं. मी संध्याकाळी पाचला तुमच्याकडे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. झगा माझ्या पेटीतच राहिला आणि रोज तुझ्या विणलेल्या शालीत गुंडाळून ख्रिस्ती झाली. तू माझे बूट काढलेस, पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळलेस आणि म्हणालीस, "बिचारी, नऊपासून थंडीत." एतियेन शेगडीत लाकूड सारत होता. मागे न बघता म्हणाला, "हो, फाटकाजवळ वारा फार असतो."

आज मी आत आले तेव्हा जिल्बेर्तने मला ओळखलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "या मादाम. तुमचं काही कळत नाही बुवा मला. मागच्या वेळी रस्ता उघडा तर तुम्ही माझी खुर्ची सोडायला तयार नाही. चार कॉफ्या, तीन तास. आज रस्ता बंद तर आल्यापासून पाच वेळा विचारलंत, कधी उघडणार." शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले हसले. मीही हसले. तेवढ्यात लुई आत आला, एतियेनच्या कामावरचा तो जाडजूड लुई, मिशांना बर्फ लागलेला. तो नांगर घेऊन तुमच्या बाजूने आला होता. सूप मागवलं, माझ्यासमोर बसला. म्हणाला, "एतियेनची मामां ना? थोरलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याच्या नांगराचं बाजूचं पातं मी सांभाळत होतो. सुट्टी होती दोघांची. पण मामां यायचीय म्हणून पहाटेच माझं दार वाजवलं त्याने." मी विचारलं, "मग?" "मग काय, इथपर्यंत रस्ता साफ केला, याच अंगणात नांगर वळवला. तुमची निळी गाडी बघून भोंगा वाजवला दोनदा. म्हणाला, आता येईल मागोमाग. आणि परत जाताना सव्वाशे किलोमीटर आरशात बघत होता पोरगा. मी म्हटलं, अरे बाबा, पुढे बघ, आपल्यालाच मारशील. म्हणे, एवढ्यात दिसेल, मामां सावकाश चालवते." लुईने ब्रेड सुपात बुडवला. "शेवटच्या वळणापर्यंत बघत होता."

ते दोन भोंगे मी ऐकले होते, गिलेन. याच टेबलावर बसून. तो नांगर मी पाहिला, त्यातला लाल टोपीतला माझा मुलगा पाहिला. टोपी तू विणलेली. फाटक वर गेलेलं पाहिलं. ते परत खाली आलं नाही. वारा नव्हता. ऊन होतं, इतकं स्वच्छ की डोळे दिपत होते. मी कॉफीच्या कपाकडे बघत बसून राहिले. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त वाटलं, एकदा तरी काहीतरी माझ्यावाचून अडू दे. पोर्तूझ नाही म्हणजे बाळ चर्चमध्ये जायचं कसं? थांबतील. फादर पुढच्या रविवारी येतील. सगळे खिडकीशी उभे राहून माझी वाट बघतील, तूसुद्धा. फादरांना साडेतीनला पुढच्या गावी मिस्सा असतो हे मला कुठे ठाऊक होतं? एक वाजता मी निघाले आणि खोटं जुळावं म्हणून मुद्दाम हळू गाडी चालवली. रस्ता ताटासारखा स्वच्छ होता. माझ्या मुलाने पुसून ठेवलेला.

तो मला आरशात शोधत होता हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. रस्ता उघडा होता हे त्याला माहीत आहे, हे मात्र मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. फाटक पुन्हा पडलं असतं तर सगळ्यात आधी त्याच्या रेडिओवर कळलं असतं. तरी तो म्हणाला, वारा फार असतो. माझ्यासाठी खोटं बोलला, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी कधी त्या दिवसाचं नाव काढलं नाही. दर रविवारी अकराच्या फोनवर तो गप्प होतो तेव्हा मला वाटतं, आता विचारेल. विचारत नाही. गप्प बसणंही तो तुझ्याकडूनच शिकला असावा.

तुम्ही पाठवलेला फोटो मी लावलाय, पण दाराच्या मागे, दार उघडं असलं की दिसत नाही असा. तू, शाल, शालीतलं लाल तोंड. मेलानीने मला नंतर सांगितलं की तू फादरांना वीस मिनिटं दारातच अडवून धरलं होतंस. त्यांनी घाई केली तर म्हणालीस, "फादर, मारिएलची गाडी दिसेपर्यंत मला बाळाचं नाव आठवत नाही." सगळं चर्च हसलं म्हणे. हसले असतील. मला हे ऐकून रात्रभर झोप आली नाही. मी तुला अडवायला बसले होते आणि तू माझ्यासाठी अडून बसली होतीस. आणि मग या वेळी एतियेनचा फोन आला, "मामां, धर्ममाता तू," तेव्हा मी आठ दिवस तरंगत होते. कागदावर लिहून बघितलं, मारी मारिएल आदेल. वेगवेगळ्या अक्षरांत. नवव्या दिवशी मेलानीच्या तोंडून निघून गेलं की मारेनने सांगितलंय, या वेळी मारिएल धर्ममाता नसेल तर मीही येणार नाही. म्हणजे हेही तूच दिलेलं. गिलेन, तुझं चांगुलपणसुद्धा माझ्यासाठी थोडं मागे ठेवत जा ना. दुसऱ्याला पोचायला जागाच उरत नाही.

आता हे पत्र का लिहिते आहे ते ऐक, कारण लुई सूप संपवून नांगरात इंधन भरतो आहे आणि त्याला एकट्याला फाटकापलीकडे जायची परवानगी आहे. मला तो घेऊन जाऊ शकत नाही, मी विचारलं. "मादाम, शेजारच्या सीटवर पातं सांभाळणारा आहे, आणि मांडीवर तुम्हाला घेतलं तर बायको मला घरात घेणार नाही." पण पेटी नेतो म्हणाला. म्हणून झगा पाठवते आहे, आणि पेटीत वरच हे पत्र. झगा बाळाला उद्या घाल. बायका बुट्टीवरून बोट फिरवतील तेव्हा सांग, ती तू काढलीस. किनार मारिएलची आहे, सरळ आहे. दोन वाजेपर्यंत मी पोचले नाही तर माझ्या जागी तू उभी राहा आणि माझ्या नावाने उत्तरं दे. फादर त्याला तयार झाले नाहीत तर तुझं नाव लिहू दे. मारी गिलेन आदेल. मी इथे दोनदा म्हणून बघितलं, कानाला वाईट लागत नाही. कुणालाही दारात अडवू नकोस, आणि बाळाचं नाव विसरू नकोस. एतियेनला हे पत्र वाचायला दे. त्याला म्हणावं, पहाटे नांगर काढू नकोस, उद्या तुझी जागा लेकीजवळ आहे, रस्ता उघडायचा तेव्हा उघडेल. आणि म्हणावं, मामां तेव्हा येऊ शकत होती, आली नाही. त्याला ते माहीत आहे, पण माझ्याकडून त्याने ते कधी ऐकलेलं नाही. मी इथेच आहे, फाटकाच्या अलीकडे, या वेळी खरोखर. बाहेर लुईने भोंगा वाजवला आहे, दोनदा. मी उठते.

बावन्न वर्षांची हेवेखोर, तरी तुझीच,
मारिएल